समुद्रापार काय नेतो?

२० डिसेंबर २०२४ रोजी सुरतहून बँकॉकला थेट विमान सुरू झालं आणि पट्टायाच्या किनाऱ्यासाठी आधी मुंबई गाठण्याची सुरतकरांची कटकट मिटली. गाजली मात्र दुसरीच बातमी : पहिल्या उड्डाणात प्रवाशांनी रिचवलेल्या दारूची. गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे लोकांना हसू आलं. पण त्या हसण्याखाली एक जुना धर्मप्रश्न आहे. घरापासून दूर गेलेल्या माणसाचा आचार त्याच्याबरोबर जातो, की उंबऱ्याशीच थांबतो?

शास्त्रकारांना तो थांबतो अशीच शंका होती. बौधायन धर्मसूत्राने समुद्रगमन पतनाच्या कारणांत मोजलं. शिवाय उत्तरेकडच्या खास रूढी सांगताना मद्यपान आणि समुद्रप्रवास एकाच यादीत बसवले. सुरतेचे महीपतराम रूपराम १८६०मध्ये शिक्षणपद्धती पाहायला इंग्लंडला गेले आणि परतल्यावर नागर ब्राह्मण जातीने त्यांना वाळीत टाकलं. ही शिक्षा अन्यायाचीच होती. तरीही तिच्या मुळाशी असलेली शंका निव्वळ खुळी म्हणता येत नाही, कारण ओळखीची नजर हटली की माणूस सैलावतो, हे खरंच आहे. चूक झाली ती निदानात : खापर समुद्रावर फुटलं. घरचा नियम मोडायला समुद्र लागतच नाही. सुरतहून मोटारीने दारूबंदी नसलेलं दमण गाठलं तरी भागतं. उलट आनंदीबाई जोशी १८८३मध्ये समुद्र ओलांडून फिलाडेल्फियाला गेल्या, तिथे लुगडं आणि शाकाहार सांभाळून १८८६मध्ये डॉक्टर झाल्या. सुरत तर मुघल काळात मक्केचं दार म्हणून ओळखली जाई. इथून निघणाऱ्या हाजींसाठी समुद्र हाच धर्माचा रस्ता होता. निघण्याआधी देणी चुकवावीत, दुखावलेल्यांची माफी मागावी, हा त्या प्रवासाचा रिवाज. पुढे इहराम बांधला की धनिक आणि गरीब पुरुष सारख्याच दोन बिनशिवलेल्या वस्त्रांत. तेव्हा समुद्र कुणाचा आचार बुडवत नाही. तो आचार कुणाच्या धाकाने पाळला जात होता, एवढंच अंतर उघड करतं.

यावर कुणी म्हणेल, सहलीला यात्रेचं माप कशाला? काम, म्हणजे सुखोपभोग, हाही पुरुषार्थच आहे. मान्य, किनाऱ्यावर लोळण्यात पाप नाही, आणि दारू पिणाऱ्याला पापी ठरवणं हा या लेखाचा हेतूही नाही. आपल्याला पटत नाही म्हणून जो नियम पाळत नाही आणि तसं घरीही सांगतो, तो निदान एकसंध आहे. अडचण आहे ती गावात बंदीचा कैवार घेऊन विमानात बसताच तिच्यातून स्वतःला वगळणाऱ्याची. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : रोजच्या भूमिकेतून सुटावं म्हणूनच तर सुट्टी असते. खरं आहे; बापपण, दुकान, जातभाईंची नजर चार दिवस बाजूला ठेवणं आरोग्याचंच आहे. पण भूमिका उतरवणं वेगळं, जबाबदारी उतरवणं वेगळं. ज्याला आपण परदेश म्हणतो, तो कुणाचा तरी स्वदेश असतो. हॉटेलात चादरी बदलणारी बाई सुट्टीवर नसते. ती आपल्याच गावात, आपल्याच लोकांच्या नजरेत वावरत असते. ‘इथे आपल्याला कोण ओळखतं’ या हिशेबात तिची गणतीच होत नाही, आणि आचार सुटतो तो नेमका तिथे.

आचार बरोबर नेता येत नाही, असं मात्र कुणी सांगू नये. बॅगेत थेपले, खाकरे, छुंद्याची बरणी आठवणीने जाते. काही टूर तर जैन जेवण रांधणारा महाराजही सोबत नेतात. जिभेचा नेम समुद्रापलीकडे इतका निगुतीने सांभाळला जातो, कारण तो कुणाच्या धाकाने नव्हे, स्वतःचा म्हणून पाळलेला असतो. म्हणून बॅग भरून झाली की घरी काय राहिलं तेही पाहावं. विसरून राहिलेली वस्तू तिकडे विकत मिळेल. जाणूनबुजून मागे ठेवलेला नियम मात्र आपला कधी नव्हताच.