छावणीतला नाताळ

कराडास खेटून असलेल्या मलकापुरातील एखाद्या हिंदू फौजी कुटुंबात नाताळ साजरा झाला, तर त्याचे नवल वाटू नये. कारण छावणीच्या सर्वधर्मस्थळात एकाच छताखाली नांदणारी उपासना ज्या मुलांनी बालपणापासून पाहिली, त्यांना २५ डिसेंबर परका कसा वाटावा? फौजेला मात्र सणापेक्षा पहारा अधिक परिचित. १९१५ साली, नाताळाच्या आदल्या दिवशी, मेसोपोटेमियातील कूत येथे वेढ्यात सापडलेल्या फौजेवर, जिच्यात १०३ वी मराठा पलटणही होती, तुर्कांनी मोठा हल्ला चढविला. आणि तो परतविणाऱ्यांपैकी कितीकांचा तर तो सणही नव्हता! आजही ख्रिस्ती सोबत्याला रजा मिळावी म्हणून नाताळाच्या रात्रीची पाळी दुसरा कोणी खुशीने पत्करतो, आणि दिवाळीत तिची परतफेड बिनबोभाट होते.