साठवण आणि जपणूक

तीन राजांचा सण उरकला की देवळातला नाताळचा गोठा उतरवला जातो. गवत गुरांपुढे पडते, कागदाचा डोंगर चुरगळून जातो, आणि मरियामाता, संत योसेफ, मेंढपाळ, राजे व त्यांचे उंट जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळले जाऊन वर्षभरासाठी पेटीत झोपी जातात. नगर जिल्ह्यातल्या एका खेड्याच्या चर्चमध्ये काही वर्षांपूर्वी ही आवराआवर चालू असता आम्ही तेथे होतो. प्लॅस्टरच्या एका मेंढपाळाचा हात मनगटापासून तुटलेला होता आणि चेहऱ्यावरचा रंग पोपडे धरून निघत होता. एक तरुण म्हणाला, "टाकून द्या, फायबरचा नवा संच आणू." दुसऱ्या गृहस्थांचे मत पडले की मिशनच्या काळातली वस्तू आहे, शहरातला जुन्या सामानाचा व्यापारी बरे पैसे देईल. तेवढ्यात केर काढणारी एक आजीबाई थांबून म्हणाली, "ऱ्हाऊ द्या त्याला. माझ्या सासऱ्यानं डोक्यावरून आणला व्हता त्यो."

वाद तेवढ्यावर थांबला. मेंढपाळ पुन्हा पेटीत गेला, प्रश्न मात्र आमच्याबरोबर घरी आला. तो मेंढपाळ म्हणजे नेमके काय? तो संत नव्हे, म्हणून त्याला पूज्य मूर्ती म्हणता येत नाही. तो खेळणेही नव्हे, कारण त्याच्याशी कोणी खेळत नाही. खरे म्हणजे ती एक बाहुली आहे, एका पवित्र कथेतली बाहुली. अशी बाहुली जुनी झाली, मोडली, तर तिच्याबाबत आपले काही कर्तव्य उरते काय? जपावी, विकावी की टाकावी?

या प्रश्नाचा विचार ज्या देशाने सर्वाधिक बारकाईने केला, तो देश जपान होय. जपान आपल्याला वाटतो तितका परका नाही. नगर जिल्ह्याच्या मिशनक्षेत्रात राबलेले आणि 1903 साली 'निरोप्या' मासिक सुरू करणारे फादर हेन्री डोरिंग पुढे पुण्याचे बिशप झाले. तेच 1921 ते 1927 या काळात हिरोशिमाचे व्हिकर अपोस्टोलिक होते, आणि नंतर पुन्हा पुण्यास परतले. आपल्या शेतमळ्यांतून हिंडलेल्या एका धर्मगुरूने जी घरे पाहिली असतील, त्या घरांतून 3 मार्चला बाहुल्यांचा सण साजरा होतो. त्याला 'हिना मात्सुरी' म्हणतात. मुलीच्या कल्याणासाठी घरात लाल कापडाने झाकलेल्या पायऱ्या मांडतात. सर्वांत वर सम्राट व सम्राज्ञी, खाली तीन दासी, त्याखाली पाच वादक, मग मंत्री आणि सेवक. पूर्ण मांडणी सात पायऱ्यांची व पंधरा बाहुल्यांची असते. सण सरला की त्या लगोलग उतरवून पेटीत ठेवतात. उशीर केला तर मुलीचे लग्न लांबते, अशी तिकडच्या आयाबायांची समजूत. अनेक घरांत या बाहुल्या आईकडून मुलीकडे जातात.

या बाहुल्या जपणे हे मोठे निगुतीचे काम आहे. त्यांच्या चेहऱ्याची ती मऊ शुभ्र कांती 'गोफुन' नावाच्या लेपाची असते. शिंपल्यांची वस्त्रगाळ पूड सरसात कालवून तिचे हात एकावर एक चढवायचे आणि प्रत्येक हात वाळल्यावर घासून गुळगुळीत करायचा, असे हे काम चालते. हा लेप पाण्याने विरघळतो, म्हणून ओल्या फडक्याने चेहरा पुसणारा भाविक हात बाहुलीचा घात करतो. हवा फार कोरडी झाली की लेपाला तडे जातात. दमट झाली की बुरशी धरते. रेशमी वस्त्रांचा रंग उन्हाने उडतो, कसर कापड खाते. म्हणून जाणकार मऊ कुंचल्याने धूळ झाडतात, चेहऱ्यावर पातळ कागद ठेवतात, आणि पेटी अशा जागी ठेवतात जिथे उन्हाळ्या-पावसाळ्याचा फरक कमीत कमी जाणवेल. आपल्या पत्र्याखालच्या खोलीत, वैशाखात भाजणाऱ्या आणि आषाढात गळणाऱ्या जागी ठेवलेल्या मेंढपाळाचा रंग का उडाला, हे यावरून ध्यानात यावे.

पण याच जपानात दुसरीही रीत आहे. टोकियोच्या उएनो भागात कियोमिझु कान्नोन-दो नावाचे मंदिर आहे. मूल व्हावे म्हणून तेथे स्त्रिया नवस करतात आणि मूल झाल्यावर बाहुली आणून वाहतात. दर वर्षी 25 सप्टेंबरला त्या बाहुल्यांसाठी प्रार्थना होते व मग त्यांना अग्नी दिला जातो. इतरत्रही जुन्या बाहुल्यांचे आभार मानून त्यांचा असा निरोप घेण्याची प्रथा आहे. काही गावांत तर कागदी बाहुल्या नदीत सोडतात. घरातली पीडा त्या आपल्याबरोबर घेऊन जातात, अशी भावना असते.

एकीकडे पिढ्यान्‌पिढ्या जपणे आणि दुसरीकडे जाळणे, नदीत सोडणे, यात आम्हास प्रथम विसंगती वाटली. विचारांती ती मावळली. दोन्ही रीतींत बाहुलीला कोणीतरी निरोप देते किंवा कोणीतरी हाती घेते. तिचे काय करायचे याचा निर्णय जाणून-बुजून, कृतज्ञतेने होतो. उकिरड्यावर फेकणे मात्र या दोन्ही रीतींत बसत नाही. आपल्याकडेही पोळ्याचा मातीचा बैल आणि दिवाळीच्या किल्ल्यावरचा मावळा कायम टिकावा म्हणून कोणी करीत नाही. वस्तूचे आयुष्य लांबवणे हाच तिचा सन्मान, असे काही नाही.

मग संग्राहकाचे काय? शुभवर्तमान या बाबतीत आपल्याला दोन गोष्टी सांगते आणि त्या पहिल्या नजरेला एकमेकींशी भांडतात. कसर आणि जंग जिथे नाश करतात तिथे धन साठवू नका, असे प्रभू डोंगरावर शिकवतात. आणि तेच प्रभू पाच हजारांना जेवू घातल्यावर, काही वाया जाऊ नये म्हणून, उरलेले तुकडे गोळा करावयास शिष्यांना सांगतात. एके ठिकाणी साठवणीला मनाई, दुसरे ठिकाणी वेचण्याची आज्ञा. आमच्या मते संग्रहाचे सारे नीतिशास्त्र या दोन वचनांच्या मधल्या जागेत आहे. कोठारे भरणारा श्रीमंत स्वतःसाठी भरतो. तुकडे वेचणारा शिष्य मात्र ते तुकडे आपले मानीत नाही. पहिल्याला आम्ही साठवण म्हणू, दुसऱ्याला जपणूक.

हा भेद कागदावर सोपा दिसला तरी व्यवहारात तो अवघड आहे, आणि संग्राहकांवर दगड उचलण्याचा अधिकार आपल्याला सहज मिळत नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले दिवे, अडकित्ते, भांडी, बाहुल्या ही एका माणसाने दारोदार फिरून गोळा केलेली संपत्ती. बालपणीच मृत्यू पावलेल्या आपल्या राजा या मुलाचे नाव दिनकर केळकरांनी त्या संग्रहास दिले आणि 1975 साली तो शासनाच्या, म्हणजे जनतेच्या, स्वाधीन केला. ज्या वस्तू घरोघरच्या लोकांनी मोडीत घातल्या असत्या, त्या आज लेकरांना पाहता येतात त्या त्यांच्यामुळे. आणि दुष्काळी मुलखात राहणाऱ्या आपण हेही विसरू नये की पोटाची खळगी भरण्यासाठी आजीचे तांब्या-पितळेचे भांडे विकणारा माणूस दोषी नसतो. उपाशी माणसाला वारशाचे प्रवचन देण्यासारखा निर्दयपणा नाही. दोष येतो तो पोट भरल्यावरही वस्तूकडे केवळ किमतीच्या डोळ्याने पाहण्यात. मग तो पाहणारा विकणारा असो की विकत घेऊन काचेच्या कपाटात कोंडणारा असो.

जपणुकीचा कस कधी लागतो, याची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. 1924 साली अमेरिकेने जपानी लोकांस देशात येऊन स्थायिक होण्याची बंदी करणारा कायदा केला. दोन्ही देशांतील कडवटपणा वाढू लागला, तेव्हा जपानमध्ये पूर्वी मिशनरी असलेल्या सिडनी गुलिक यांनी एक साधा उपाय काढला. अमेरिकन मुलांनी जपानी मुलांस बाहुल्या पाठवाव्यात! 1927 साली बारा हजारांहून अधिक बाहुल्या जपानच्या शाळांत पोहोचल्या. उत्तरादाखल जपानने त्याच वर्षी 58 बाहुल्या पाठवल्या, कसबी कारागिरांनी घडवलेल्या, रेशमी किमोनो ल्यालेल्या. पुढे युद्ध पेटले. 1943 च्या सुमारास त्या निळ्या डोळ्यांच्या बाहुल्या शत्रूच्या हेर ठरल्या. शाळाशाळांतून त्या जाळल्या गेल्या, बांबूच्या भाल्यांनी भोसकल्या गेल्या. तरीही काही शिक्षकांनी त्या माळ्यावर, कपाटामागे दडवल्या. आज अशा सुमारे तीनशे बाहुल्या शिल्लक आहेत. त्या शिक्षकांना कोणी संग्राहक म्हणणार नाही. त्यांच्यापाशी काचेचे कपाट नव्हते आणि किमतीचा विचार करण्याची तर सोयच नव्हती. एका मुलाने दुसऱ्या मुलास दिलेली भेट आपण जाळू शकत नाही, एवढेच त्यांना कळत होते.

याहून जुनी साक्ष आपल्याच श्रद्धाबंधूंची आहे. वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया 1597 साली नागासाकीत क्रूसावर हुतात्मा झाले. 1614 साली साऱ्या जपानात ख्रिस्ती धर्मावर बंदी आली आणि ती अडीचशे वर्षे टिकली. पवित्र प्रतिमेवर पाय ठेवावयास लावून लोकांची परीक्षा घेतली जाई. त्या काळात गुप्त ख्रिस्ती कुटुंबांनी चीनमधून आलेल्या, मांडीवर बाळ असलेल्या कान्नोन देवतेच्या शुभ्र चिनीमातीच्या मूर्ती घरात ठेवल्या आणि त्यांच्यासमोर मरियामातेची प्रार्थना केली. 17 मार्च 1865 रोजी, संत गोन्सालो व त्यांच्या सोबत्यांस अर्पण केलेल्या नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये उराकामी गावचे काही लोक आले. त्यांनी फादर पेतिजाँ यांस आपण एकाच श्रद्धेचे असल्याचे हळूच सांगितले आणि पवित्र मरियेची मूर्ती कोठे आहे, असे विचारले. धर्मगुरूंविना सात पिढ्या गेल्या होत्या, पण त्यांना मूर्ती कोणाची शोधायची ते ठाऊक होते.

अधिकाऱ्यांनी जप्त केलेल्या तशा काही मूर्ती आज टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. एके काळी गुन्ह्याचा पुरावा म्हणून उचलल्या गेलेल्या वस्तू आता राष्ट्राचा ठेवा म्हणून मोजल्या जातात. संग्रहालय त्यांची उत्तम निगा राखते आणि त्याबद्दल आपण त्याचे ऋणी आहोत. पण संग्रहालय चिनीमाती जपते. ती चिनीमाती मरियामाता आहे, हे जपले गरीब कोळ्यांनी आणि शेतकऱ्यांनी. प्रतिमेला दिलेला मान प्रतिमेत न अडकता जिची ती प्रतिमा तिच्याकडे जातो, असे नायसियाच्या दुसऱ्या धर्मपरिषदेने 787 साली शिकवले. त्या अडाणी म्हटल्या गेलेल्या माणसांनी ही शिकवण ग्रंथांविना जगून दाखवली.

जपानकडून आणखी एक धडा घेण्यासारखा आहे. 1955 साली त्या देशाने हिराता गोयो आणि होरी र्‍युजो या दोन बाहुली-कारागिरांना 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' हा मान दिला. म्हणजे ठेवा वस्तूत असतो तसा हातातही असतो. आपल्याकडे 2021 साली सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली, ती ठाकर समाजाची कळसूत्री बाहुल्यांची व चित्रकथीची परंपरा जिवंत ठेवल्याबद्दल. बाहुल्या पेटीत राहिल्या आणि त्या नाचवणारा हात गेला, तर वारसा गेलाच.

आता आपण पुन्हा आपल्या मेंढपाळाकडे येऊ. आमच्या अल्पमतीला सुचते ते असे. ज्याची डागडुजी होण्यासारखी आहे, त्याची ती गावच्या मूर्तिकाराकडून करवून घ्यावी आणि त्या वेळी दोन मुलांना शेजारी बसवावे, म्हणजे कला कळेल. पेटीच्या झाकणाच्या आत एक कागद चिकटवावा व त्यावर कोणती मूर्ती कोणी, कोठून आणली ते लिहावे. आजीबाईंच्या सासऱ्यांचे नाव त्यांच्या हयातीतच टिपून घ्यावे. पेटी पत्र्याखालून काढून कोरड्या, सावलीच्या जागी ठेवावी. जे दुरुस्त होण्यापलीकडे गेले, ते प्रार्थना म्हणून जाळावे अथवा पुरावे. आशीर्वादित वस्तूंबाबत ख्रिस्तसभेची जुनी रीत हीच आहे. आणि काही विकणे भागच पडले, तर ते सर्वांस विचारून, उघडपणे विकावे.

संत फ्रान्सिस यांनी 1223 साली ग्रेच्चो येथे गोठा मांडला, तेव्हा तिथे एकही बाहुली नव्हती. खरा बैल, खरे गाढव आणि गवत एवढेच होते. म्हणजे उद्या आपली पेटी रिकामी झाली तरी नाताळ येईल. हे ठाऊक असूनही जो माणूस तुटक्या हाताचा मेंढपाळ फडक्यात गुंडाळून ठेवतो, त्याला आम्ही जपणारा म्हणतो. तो वस्तूस धरून बसलेला नसतो, तर मागच्याने दिलेले पुढच्याच्या हाती सुखरूप जावे एवढ्यासाठी थोडा वेळ ते सांभाळत असतो.

त्यानंतरच्या नाताळात आम्ही त्याच चर्चमध्ये गेलो होतो. मेंढपाळ गोठ्याच्या कडेला उभा होता. हात तसाच तुटलेला होता. मात्र कोणीतरी त्या मनगटाला सुतळीने एक छोटीशी काठी बांधून दिली होती.