मरळ भुकेली नसते तेव्हा

मासा मारून खाणं योग्य की अयोग्य, यावर आपल्याकडे पुष्कळ बोलून झालंय. पकडून परत सोडणं ही दया की नुसता चाळा, यावरही. पण दोरीच्या टोकाला काय लावायचं आणि ते कुठे फेकायचं, हा प्रश्न आपण दुकानदारावर आणि व्हिडिओंवर सोडून देतो. माझ्या मते खरी गोची तिथेच आहे.

सेलू तालुक्यात ब्रह्मवाकडीजवळ दुधनेवर निम्न दुधना प्रकल्पाचं धरण आहे. अमेरिकी व्हिडिओंतला बास मासा मराठवाड्यात मिळत नाही. मात्र बाससाठी बनलेलं सामान आपल्या मरळीला चपखल बसतं. दोघांची सवय एकच: पाणगवतात दबा धरायचा आणि वर काही हललं की झडप घालायची. म्हणून सहा-सात फुटांचा कडक रॉड, न ताणणारी विणलेली दोरी, ती भराभर गुंडाळणारं रील (मोबाइलवरचं रील नंतर येतं) आणि रबरी बेडूक. या बेडकाचे दोन गळ पाठीला चिकटून असतात, त्यामुळे गवतात अडकत नाहीत. माशाने चावलं की पोकळ अंग दबतं आणि गळ उघडे पडतात. रॉड लेचापेचा घेतला तर मरळ गवतात शिरते, दोरी तुटते आणि गळ तिच्या तोंडातच राहतो. मासा सोडूनच द्यायचा असेल, तर गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने आधीच दाबून टाकावा. इथवर सगळं सोपं आहे.

आता पावसाळा. मरळ गवतात जागा मोकळी करून अंडी घालते. पिल्लं बाहेर आली की त्यांचा तांबूस थवा पाण्यावर खळबळताना दिसतो, आणि खाली आई-बाप काही आठवडे पहारा देतात. बेडूक थव्यातून ओढला की पहारेकरी तुटून पडतो. हमखास. गळ टाकणाऱ्यांना ही युक्ती ठाऊक असते, आणि पुष्कळांना तिचा अभिमानही असतो.

‘आमिष’ या शब्दाचा मूळ अर्थ मांस. सामिष, निरामिष हे शब्द त्यातूनच आले. आमिष दाखवायचं ते भुकेल्याला. रबरी बेडूक म्हणजे फसवणूकच, पण भुकेल्या मरळीला निदान काहीतरी हवं असतं. पिल्लं राखणाऱ्या मरळीला मात्र काहीच नको असतं. तिला फक्त शत्रू हाकलायचा असतो. सामान तेच, हात तोच. पण आपण भुकेऐवजी तिची राखण वापरून घेतो.

‘माशाला कसली माया? ती नुसती सहजप्रवृत्ती,’ असं कुणी म्हणेल. असेलही. पण मरळीला काय वाटतं हे ठरवायची गरजच नाही. आपण कशाच्या जोरावर जिंकतोय, एवढं आपल्याला कळतं. ‘फोटो काढून लगेच सोडतो ना!’ हेही पुरेसं नाही. ती मिनिटं पिल्लांवर पहारा नसतो, आणि आसपासचे मासे त्यासाठीच टपलेले असतात. कॅनडात दक्षिण ओंटारियोच्या बऱ्याच भागात बासची मासेमारी वसंतात बंद असते, हंगाम जूनच्या उत्तरार्धात उघडतो. नर बास तेव्हा घरटं राखत असतो, हे त्यामागचं कारण.

एक आक्षेप मात्र मला जड जातो. भोयांच्या जाळ्यात पिल्लांची आई आहे की नाही, हे कोण बघतं? मरळ हवेतून श्वास घेते, म्हणून बाजारात टपात जिवंत विकली जाते आणि भावही चांगला मिळतो. मग शौकिनानेच एवढं सोवळं का पाळायचं? माझं म्हणणं, त्याला ते परवडतं म्हणून. जाळेवाल्याचा दिवस रिकामा गेला तर चूल अडते. समुद्रात तर यांत्रिक नौकावाले १ जून ते ३१ जुलै बंदी पाळतात, तीही पोटाला चिमटा घेऊन. रविवारी सकाळी रॉड घेऊन निघालेल्याने तांबूस थवा पाहून दहा पावलं पुढे जायचं, तर त्याचं काय जातं? फार तर एक रील.

पण पुराचं पाणी गढूळ असलं की थवा दिसत नाही. बेडकावर जोरात धडक बसते आणि ती भुकेची की रागाची, हे ना रॉड सांगतो ना दोरी. अशा वेळी मी बेडूक काढून ठेवतो आणि साध्या गळाला कणकेची गोळी लावून रोहू-मृगळ बघतो. मित्र हसतात. कणकेवर फोटो काढण्यासारखं काही लागत नाही, हेही खरंच आहे.