हौसेपायी डोळे गहाण टाकू नकोस

वर्धा

चि. छकुली,



इकडे पाऊस जरा उघडला आहे. तुझ्या बाबांचा जीव कापसात अडकला आहे. रोज सकाळी शेतात जाऊन बोंडं चाचपतात आणि येऊन काही बोलत नाहीत. मी परवा सिंदी रेल्वेला तान्हा पोळा पाहून आले. लाकडी नंदी यंदाही भलेमोठे सजवले होते. लहानपणी तू तिथं नंदीच्या चाकांशी बसून तो हलतो कसा ते न्याहाळत राहायचीस, बाकीची पोरं खाऊच्या मागे असायची. तेव्हाच मी तुझ्या आईला म्हटलं होतं, ही पोरगी तमाशापेक्षा त्याची कळ बघते.

आता ज्यासाठी कागद घेतला ते सांगते. तुझ्या आईकडून कळलं की या महिन्यात बहुतेक रविवार तू त्या सिनेमाच्या ट्रिकांच्या ऑफिसातच काढलेस, रात्री दोन-दोन वाजता खोलीवर येतेस आणि डोळ्यांत कसलेसे थेंब घालतेस. विचारलं की तुझं उत्तर ठरलेलं, "आत्या, डिलिव्हरी आहे." ती झाली की पुढची डिलिव्हरी. बाळा, सिनेमावर तुझा किती जीव आहे हे मी तुझ्या लहानपणापासून पाहते आहे, आणि म्हणूनच मला धास्ती वाटते. ज्याला काम आवडत नाही तो सहा वाजले की डबा उचलून निघतो. ज्याला आवडतं त्याला थांबवून घेणं सगळ्यांनाच सोपं जातं.

दादासाहेब फाळक्यांचं मी शाळेत चित्रकलेच्या तासाला मुलांना सांगायची. तूही ऐकलं असशील, तरी पुन्हा ऐक. 1911 साली मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा सिनेमा पाहिला आणि त्या माणसाला दुसरं काही सुचेना. रोज संध्याकाळी चार-पाच तास सिनेमे बघायचे, घरी येऊन रात्रभर भिंग आणि मेणबत्ती घेऊन भिंतीवर चित्रं पाडायची, झोप जवळजवळ नाहीच. शेवटी दोन्ही डोळ्यांनी दिसेनासं झालं. डॉक्टर प्रभाकर नावाच्या नेत्रवैद्यांनी उपचार केले, तीन-चार चष्मे देऊन दृष्टी परत आणली. त्यानंतर विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून पैसे उभे केले, 1912 साली लंडन गाठलं, कॅमेरा आणला, आणि 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला.

लोक ही गोष्ट त्यागाची म्हणून सांगतात. मला ती तशी सांगवत नाही. त्या वैद्यांनी डोळे परत दिले नसते तर हरिश्चंद्र झाला नसता, 'लंकादहन' झाला नसता, 'कालियामर्दन' झाला नसता. मराठी माणसानं या धंद्याची सुरुवात केली म्हणून आपण छाती फुगवतो, पण त्या सुरुवातीचं थोडं श्रेय एका चष्म्यालाही द्यायला हवं. आणि तुला फाळक्यांचं काही उचलायचंच असेल तर त्यांच्या वाटाण्याच्या रोपाचं उचल. कुंडीसमोर कॅमेरा ठेवून महिनाभराहून जास्त दिवस थोडी थोडी फिल्म घेत राहिले, आणि पडद्यावर बघणाऱ्यांना अंकुर डोळ्यांदेखत वाढताना दिसला. तीही ट्रिकच होती, पण रोपाला घाई करून चालली नसती.

त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंचंही लक्षात ठेव. कोरी फिल्म छिद्रं न पाडलेली यायची. रात्री अंधारात बसून ती छिद्रं त्या पाडायच्या, फिल्म धुण्याच्या रसायनांना हात लावायच्या, आणि दिवसभर साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करायच्या. आज त्यांचं नाव आपण आदरानं घेतो, पण त्या काळी पडद्यावर ते कुठं दिसलं? म्हणून तुला विचारते, ज्या सिनेमावर तू एवढ्या रात्री घालवतेस त्याच्या नामावळीत तुझं नाव येतं का? नसेल येत तर विचारायची लाज वाटू देऊ नकोस. दर वेळी मिळेलच असं नाही, पण तू विचारलं होतंस हे त्यांना माहीत असावं.

तुझं हे वेड कुठून आलं तेही मला आठवतं. आपल्याकडे आधी व्हीसीआर भाड्यानं यायचा, टीव्हीसकट. एका रात्रीत तीन सिनेमे, आणि गल्लीतली सगळी पोरं ओसरीवर. तुझ्या वाट्याला मात्र चकत्या आल्या. 2007 साली मोझर बेअर कंपनीनं अठ्ठावीस रुपयांना व्हीसीडी आणि चौतीस रुपयांना डीव्हीडी काढली तेव्हा बजाज चौकातून येताना तुझे बाबा बिस्किटाच्या पुड्यासोबत एक सिनेमा आणू लागले. सिनेमा संपला की तू रिमोट घेऊन एकेक चौकट पुढं सरकवायचीस, विमान कुठं खोटं आहे, दोरी कुठं दिसते ते शोधायला. एखाद्या चकतीत सिनेमा कसा केला ते दाखवणारा भाग असला की जेवायला उठायची नाहीस. ती कंपनी पुढं कर्जात बुडाली, 2018 साली तिचं दिवाळं वाजलं. आता नव्या सिनेमाची चकती आपल्याकडे दुकानात दिसत नाही. तुझ्या सगळ्या चकत्या मी माळ्यावरच्या ट्रंकेतून काढून खालच्या भिंतीतल्या कपाटात उभ्या लावल्या आहेत. इथला उन्हाळा तुला माहीतच आहे, पत्र्याखाली त्या वाकल्या असत्या. प्लेअर मात्र बंद पडला आहे. दुरुस्तीवाला म्हणतो भिंग मिळत नाही. तुला मुंबईत मिळालं तर बघ.

तुझं काम काय असतं ते तू मागच्या वेळी नीट समजावलंस, मला आवडलं. नटाच्या कडेकडेनं प्रत्येक चौकटीत रेघ मारत जायचं, म्हणजे त्याला उचलून दुसऱ्या देखाव्यात ठेवता येतो. एका सेकंदाच्या चोवीस चौकटी, पाच सेकंदांच्या शॉटला एकशे वीस. बोटं, केस, उडणारा पदर, सगळं. हे ऐकून मला बाबूभाई मिस्त्री आठवले. 1937 सालच्या 'ख्वाब की दुनिया'मध्ये त्यांनी काळ्या पडद्यासमोर काळ्या धाग्यानं वस्तू नाचवल्या आणि प्रेक्षकांना वाटलं अदृश्य माणूसच त्या हलवतो आहे. लोक त्यांना 'काला धागा' म्हणू लागले. तेव्हा धागा दिसू नये म्हणून काळा वापरत. आता जाडजूड दोर बांधून नटाला उडवतात आणि तो पुसायचं काम तुमच्या अंगावर येतं. काम तेच आहे, फक्त सेटवरून उठून तुमच्या टेबलावर आलं आहे, आणि टेबलाला पॅक-अप नसतो.

मला बोचतं ते आता लिहिते. तूच मला 'द जंगल बुक' दाखवला होतास, 2016 चा. सिवनीचं जंगल, जिथं आपण नागपूरहून जबलपूरला जाताना चहाला थांबतो, ते सगळं लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत उभं केलं आणि पोरगा सोडला तर बहुतेक सगळं संगणकावर. आपल्या बोरच्या जंगलात वाघ पाहिलेली मी, पण शेरखान चालू लागला तेव्हा अंगावर काटा आला. त्याचं पुष्कळसं काम एका कंपनीच्या बंगळुरूतल्या पोरांनी केलं हे तू किती अभिमानानं सांगितलंस. त्या सिनेमाला ऑस्कर मिळालं. आणि 2025 च्या फेब्रुवारीत त्या कंपनीचा सगळा समूहच कोसळला, बंगळुरू-मुंबईतली हजारो माणसं एकाएकी रस्त्यावर आली. त्याआधी 2013 साली 'लाइफ ऑफ पाय'चं तेच. वाघ बनवणाऱ्या ऱ्हिदम अँड ह्यूजनं सोहळ्याच्या काही दिवस आधी दिवाळखोरी जाहीर केली. तिच्या शाखा मुंबई-हैदराबादलाही होत्या. ऑस्करच्या मंचावर त्यांचा माणूस कंपनीच्या हालाबद्दल बोलू लागला तर संगीत वाजवून त्याला थांबवलं, आणि बाहेर रस्त्यावर या धंद्यातली माणसं निदर्शनं करत उभी होती.

कारण काही गूढ नाही. या कंपन्या ठरलेल्या रकमेला काम घेतात. मग दिग्दर्शकानं शॉट दहादा बदलला तरी रक्कम तीच, वाढीव रात्री कंपनीच्या, म्हणजे शेवटी तुमच्या. तुझ्यात काही कमी आहे म्हणून उशीर होतो असं मनात आणू नकोस. हिशोबच तसा मांडलेला असतो.

मी तुला नोकरी सोड असं म्हणत नाही. तुझा हात चांगला आहे. चित्रकलेच्या इंटरमिजिएटला तुला ए ग्रेड मिळाली तेव्हा तुझ्या रेघेत मला जे दिसलं ते अजून आहे. पण काही गोष्टी माझ्यासाठी कर. एक वही ठेव आणि रोज किती वाजता बसलीस, किती वाजता उठलीस ते लिही. पगाराच्या पावत्या आणि नेमणुकीचं पत्र ऑफिसच्या संगणकावर ठेवू नकोस, स्वतःजवळ कागदावर ठेव. पीएफ खरोखर जमा होतो का ते दर महिन्याला पाहा. बिनपगारी जादा काम मागितलं तर लगेच हो म्हणू नकोस, सकाळी सांगते म्हण. सकाळी माणूस वेगळा विचार करतो. थोड्या थोड्या वेळानं पडद्यावरून नजर काढून खिडकीबाहेर लांब बघ, आणि रविवारी संगणकाला हात न लावता पेन्सिलीनं काहीतरी काढ. चर्चगेटला बसून माणसं काढ. ज्याला कडा बघता येतात त्याला उद्या सॉफ्टवेअर बदललं, यंत्रं आपोआप रेघा मारू लागली, तरी उपाशी बसावं लागत नाही.

आणि हो, तुझ्या सिनेमावेड्या मैत्रिणी तुला न लागलेल्या सिनेमाचं विचारत असतील. त्यांना काही दाखवू नकोस. तू सही केलेल्या कागदावर तसं लिहिलेलं असणार. एका चित्रासाठी नोकरी गेलेली मला चालणार नाही.

'शोले'बद्दल तू लिहिलंस ते मी तुझ्या बाबांना वाचून दाखवलं. 1975 चा सिनेमा, आणीबाणीत सेन्सॉरपायी बदलावा लागलेला त्याचा मूळ शेवट परत जोडून, खराब झालेल्या निगेटिव्हवर मात करून फिल्म हेरिटेज फाउंडेशननं तो नव्यानं उजळवला आणि 2025 च्या जूनमध्ये इटलीतल्या बोलोन्याला दाखवला. बाबा तर एकदम बोलते झाले, त्यांनी तो हिंगणघाटला पाहिला होता म्हणे. अशी कामं वर्षानुवर्षं चालतात आणि ती करणारी माणसंही सिनेमाच्या वेडापायीच करतात. वेड तुझंही तेवढंच खरं आहे. फक्त ते चाळीस वर्षं पुरायला हवं आहे. आज रात्रीच सगळं खर्च होता कामा नये.

खोकला बरा झाला का? खाणावळीतलं तेलकट टाळ. गोरसपाकाचा डबा तुझ्या मामाकडे दिला आहे, तो सेवाग्राम एक्स्प्रेसनं येतो आहे. सगळा ऑफिसात वाटून टाकू नकोस.

दिवाळीची रजा आत्ताच लिहून माग, आणि होकार लेखी घे. आलीस की पहिल्या सकाळी सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालयात जाऊन डोळे तपासून घेऊ. मी तुझ्याबरोबर येते. तासांची वही सोबत आण, मला पाहायची आहे.

तुझी,
आत्या