गाडी मेन स्टँडला लावण्याआधी

पांडुरंगा, उद्या खंडेनवमी. पाने, पक्कड, हातोडी उद्या पाटावर मांडली जातील, त्यांना हळदकुंकू लागेल. परवा दसऱ्याला गाडीच्या हँडलवर झेंडूचा हार चढेल. पूजेच्या आधी सेवा करायची असते. चार महिन्यांच्या पावसात मडगार्डच्या आत चिखल थापला गेला आहे, चेनवर काळं कीटण बसलं आहे. गाडी धुवायची, चेन साफ करायची, तिला तेल द्यायचं, तर मागचं चाक मोकळं फिरायला हवं. म्हणून तिला मेन स्टँडला लावतो आहे. हात लावण्याआधी तुला हाक मारतो.

ही बुलेट दिलीस, तुझे आभार. 1955 साली मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली, तेव्हापासून ज्या कामगारांनी बुलेट जोडल्या त्यांच्या हातांना नमस्कार. आजच्या 350 सीसी बुलेटचं वजन तेल-पेट्रोलसह 195 किलो, दोन क्विंटलला पाचच किलो कमी. सरळ उभी असते तेव्हा हे सारं वजन दोन चाकं वाहतात आणि माझा हात नुसता आधाराला पुरतो. ती जरा कलली की त्या वजनातला वाटा माझ्याकडे येतो, आणि जितकी कलेल तितका तो वाढत जातो. एका हद्दीपलीकडे तो कुणालाच पेलत नाही. ती हद्द मला ओळखता येऊ दे.

आधी जागा निवडण्याची बुद्धी दे. उतार नको, सैल माती नको, ओली फरशी नको. अंगणातच काम करायचं असेल तर स्टँडखाली जाड, रुंद फळी घालायची आठवण दे, कारण स्टँडचे पाय बारीक असतात आणि पावसाने भिजलेल्या मातीत एक पाय रुतला की गाडी त्या बाजूला जाते. धुताना साबणाचं पाणी पायाखाली साचू देऊ नकोस. पायात चप्पल नको, बूट असू देत. सायलेन्सर गार होईपर्यंत थांबायचा धीर दे.

देवा, विटेवर तू समचरण उभा आहेस. दोन्ही पाय एका पातळीत, भार दोन्हीकडे सारखा. माझ्या गाडीलाही तसंच उभं राहू दे. इंजिन बंद, गिअर न्यूट्रलला. मी डाव्या बाजूला, डावा हात हँडलवर, उजवा सीटजवळच्या पकडीवर, उजवा पाय स्टँडच्या पट्टीवर. आधी गाडी पूर्ण सरळ होऊ दे, हँडलही सरळ राहू दे. स्टँड खाली दाबला की त्याचे दोन्ही पाय जमिनीला टेकले का, हे गाडी किंचित इकडेतिकडे झुलवून माझ्या पायाला कळू दे. एकच पाय टेकला असेल तर जोर लावण्याची घाई माझ्याकडून होऊ देऊ नकोस. दोन्ही टेकले की माझ्या अंगाचं सगळं वजन त्या पट्टीवर जाऊ दे. गाडी मागे सरकत वर चढते, ती या तरफेच्या बळावर. हाताने तिला फक्त वाट दाखवायची असते. माझी पाठ ताठ राहू दे, कंबरेतून उचलण्याचा हट्ट माझ्या मनात येऊ देऊ नकोस. फारच जड गेली तर मागच्या चाकाखाली पातळ फळी सरकवायचं सुचू दे. चाक तेवढं उंच झालं की स्टँडचं काम हलकं होतं.

चाक मोकळं झालं की माझी बोटं सांभाळ. गाडी गिअरमध्ये टाकून, इंजिनाने चेन फिरवत फडकं धरणारे हात पाहिले आहेत. चेन आणि स्प्रॉकेटच्या मध्ये फडकं गेलं की त्यामागोमाग बोट जातं, आणि इंजिन बोटासाठी थांबत नाही. चावी काढून माझ्या खिशात राहू दे. चाक हाताने, सावकाश फिरू दे. ब्रश आणि फडकं खालच्या बाजूच्या चेनला, स्प्रॉकेटपासून लांब लागू दे. रॉकेलची बाटली हाताशी असेल तेव्हा जवळपास आग असू देऊ नकोस. नव्वद नंबरचं गिअर ऑइल चेनच्या कड्यांमध्ये मुरू दे, जास्तीचं पुसून निघू दे, आणि त्याचा एक थेंबही टायरवर किंवा ब्रेकच्या डिस्कवर पडू देऊ नकोस. लहान मुलं पाण्याच्या ओढीने येतील. स्टँडवरच्या गाडीवर चढण्याची त्यांना हौस असते. त्यांना पाइप धरायचं काम देऊन लांब उभं करायचं भान मला दे.

ज्यांच्या गाडीला मेन स्टँडच नाही, त्यांनाही सांभाळ. पॅडॉक स्टँड लावताना गाडी सरळ धरायला त्यांच्याजवळ दुसरं माणूस असू दे. पुढचं चाक काढायची वेळ आली, तर त्यांचा जॅक चेसीच्या भक्कम भागाखाली लागू दे. सायलेन्सरच्या नळीखाली किंवा ऑइलच्या नटाखाली तो लागू देऊ नकोस. जॅकवरच्या गाडीखाली कुणाचा हात, कुणाचं डोकं जाऊ देऊ नकोस.

आणि इतकं करूनही गाडी कलंडली, तर ती सोडून देण्याचं धैर्य दे. पत्र्याचा पोचा निघतो, आरसा नवा मिळतो. गुडघ्याचं आणि मणक्याचं तसं नाही. पडणाऱ्या गाडीखालून पाय बाहेर काढून बाजूला होणं हेच त्या क्षणी शहाणपण, हे माझ्या पायांना आधीच शिकव. पडल्यावर आधी इंजिन बंद आहे ना, पेट्रोल सांडलंय का, ते बघायचं सुचू दे. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड उघडून ठेवायचं सुचू दे, म्हणजे सरळ करताना ती पलीकडे जाणार नाही. मग गाडीकडे पाठ करून, सीटला टेकून, गुडघ्यांत वाकून, एक हात हँडलला आणि एक मागच्या दांड्याला धरून, छोटी छोटी पावलं मागे टाकत उठायचं बळ मांड्यांना दे. आणि तेही एकट्याने करण्याआधी शेजाऱ्याला हाक मारायला मला लाजू देऊ नकोस.

काम झाल्यावर गाडी उतरवतानाही माझं लक्ष जागेवर ठेव. साइड स्टँड आधी उघडलेला असू दे. चाकं जमिनीला टेकली की पुढचा ब्रेक हाताशी असू दे. धुतलेल्या गाडीचे ओले ब्रेक रस्त्यावर भरवशाने लागायच्या आधी, मला सावकाश दोन-चारदा दाबून पाहू दे.

शेवटचं मागणं त्या पोरांसाठी. गॅरेजमध्ये सकाळपासून रात्रीपर्यंत एकामागून एक गाड्या मेन स्टँडला लावणारी, पार्किंगमध्ये दुसऱ्यांच्या गाड्या ओढून सरळ करणारी, सणाच्या आदल्या दिवशी वॉशिंग सेंटरवर ओल्या पायांनी उभी असणारी. दसऱ्याला चकचकीत दिसणाऱ्या गाड्यांमागे त्यांच्या कंबरा असतात. त्यांच्या मालकांना हायड्रॉलिक लिफ्ट घेण्याची बुद्धी दे, ती घेण्याइतकी बरकतही दे. त्यांना बूट मिळू देत, दुपारची सुट्टी मिळू दे, दुखणं सांगितलं तर ऐकणारं माणूस मिळू दे. त्यांच्या पाठी म्हातारपणापर्यंत ताठ राहू देत, आणि ज्याच्यापुढे आज जड गाडी आहे, त्याच्या शेजारी दुसरं माणूस उभं राहू दे. एवढं दे, पांडुरंगा.