आधी हाक की आधी पाणी

अर्जुनी मोरगावला धानाच्या रोवणीच्या दिवसांत पाणी वरच्या बांधीतून खालच्या बांधीत उतरतं. वरचा धुरा फोडला की "पाणी सोडलं" ही हाक क्षणात खाली पोचते. पाणी आपल्या चालीनं येतं. हाकेवर विसंबून कुणी चिखलणी सुरू केली, तर खाली कोरडी माती. हाक खोटी नसते, ती पाण्याच्या आधी आलेली असते.

ग्राफिक्स चिप अडकते तेव्हा नेमकं हेच घडू शकतं. ऑपरेटिंग सिस्टीम थोडी वाट बघते. विंडोजमध्ये ही मुदत मूळची 2 सेकंदांची. मग ड्रायव्हर चिप रीसेट करतो, रांगेतली अडकलेली कामं काढतो, नवी मांडणी लिहितो आणि मेमरीत खूण ठेवतो, की रीसेट झाला. दुसऱ्या कोअरवरचा थ्रेड ती खूण बघून पुढचं काम धाडतो. पण एआरएमसारख्या प्रोसेसरवर नंतर लिहिलेली खूण आधी दिसू शकते. खूण नवी, मांडणी जुनी. नुकती सावरलेली चिप पुन्हा कोसळते.

कॅश कोहेरन्सी आहे, मग भीती कसली, असं चांगले जाणकारही म्हणतात. हा गैरसमज मला फार धोक्याचा वाटतो. कोहेरन्सी मेमरीतल्या एकाच जागेपुरती सगळ्या कोअरची एकवाक्यता राखते. दोन जागांमधलं आधी-नंतर तिच्या हातात नसतं. शिवाय काही यंत्रांत चिप या व्यवस्थेबाहेरच असते. तिथे कॅशमधलं लिखाण ड्रायव्हरला स्वतः मेमरीत उतरवावं लागतं.

उपाय बॅरियरचा, म्हणजे आधी-नंतर पाळायला लावणाऱ्या सूचनेचा, आणि तो दोन्हीकडे हवा. वरच्यानं पाणी पोचल्याशिवाय हाक द्यायची नाही. खालच्यानं हाक ऐकल्यावर बांधीकडे नव्यानं बघायचं, मघाशी बघितलेलं धरून चालायचं नाही. ही दुसरी बाजूच बहुतेकदा राहून जाते. एक्स86 प्रोसेसर साध्या लिखाणांचा आणि तसाच वाचनांचा क्रम मुळातच पाळतो, म्हणून तिथल्या चाचणीत ही चूक वर्षानुवर्षं लपून राहते.

संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी 1979 मध्ये क्रमाची कडक व्याख्या दिली: सगळ्यांची कामं जणू एकाच रांगेत, आणि त्या रांगेत प्रत्येकाचा स्वतःचा क्रम शाबूत. यंत्रांना ती जड जाते. पवईच्या आयआयटीत शिकलेल्या सरिता अडवे यांनी मार्क हिल यांच्यासोबत 1990 मध्ये करार मांडला: क्रम कुठे मोलाचा आहे ते प्रोग्रॅमनं सांगावं, तेवढा पाळला की यंत्रानं बाकीचं हवं तसं उरकावं. जावा आणि सी++ या भाषांचे मेमरीचे नियम आज याच पायावर उभे आहेत. रीसेटचा कोड वाचताना म्हणून मी प्रत्येक खुणेपाशी थांबतो आणि ती वाचणारा कोण, ते शोधतो.