विश्वास कीं देवघेव?

घरांत मृत्यु शिरला, संचित धन गेलें, देह रोगानें खंगला, म्हणजे मनुष्याच्या ओठांवर पहिला प्रश्न येतो तो हा : आम्हीं असें काय पाप केलें होतें? ह्या प्रश्नांत दुःख आहे, तसा हिशोबहि आहे. आम्हीं देवास इतकें दिलें, देवानें आम्हांस इतकें द्यावें, हा करार मनांत आधींच झालेला असतो. ख्रिस्ती धर्मांत ज्यास ईश्वरावरील विश्वास म्हणतात, तो ह्या कराराहून निराळा आहे काय, ह्याचा विचार येथें करूं.

जुन्या करारांतील ईयोबाची संपत्ति, दहा मुलें व आरोग्य हीं एकामागून एक गेलीं. सांत्वनास आलेल्या मित्रांनीं हिशोबच मांडला : शासन झालें, तेव्हां अपराध असलाच पाहिजे. ईयोबानें तें मानलें नाहीं. तो रडला, भांडला. त्यानें ईश्वरालाच जाब विचारला. अखेरीस त्यालाहि बोल लागला खरा; परंतु ईश्वराचा कोप झाला तो ईश्वराची बाजू मांडणाऱ्या त्या मित्रांवर. अर्थात् विश्वास म्हणजे अश्रु गिळणें नव्हे.

पंडिता रमाबाईंचें चरित्र वाचकांस परिचित आहे. १८७४ च्या सुमारास त्यांच्या कुटुंबानें तीर्थें, व्रतें व दानें ह्यांत होतें नव्हतें तें वेंचलें. तरी दुष्काळांत आई, वडील व थोरली बहीण गेलीं. १८८० सालीं भाऊ गेला, १८८२ सालीं पति पटकीनें गेले. जुनी श्रद्धा ढळली. १८८३ सालीं इंग्लंडांत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. परंतु नव्या श्रद्धेनेंहि मृत्यूस दारांतून परतविलें नाहीं; एकुलती एक कन्या मनोरमा १९२१ सालीं वारली. ह्या वेळीं मात्र श्रद्धा टिकली.

हा केवळ धर्मांतराचा गुण काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. नवस बोलणारे ख्रिस्तमंदिरांतहि आढळतात. आणि दुष्काळांत पत्नी गमावूनहि विठ्ठलास न सोडणारे तुकोबा आमच्याच देशांत झाले. भेद आहे तो श्रद्धेच्या जातींत. ख्रिस्ताने गेथशेमाने बागेंत दुःखाचा प्याला टळावा अशी प्रार्थना केली. तो टळला नाहीं. वधस्तंभावर 'मला कां टाकिलेंस' असाच त्याचा आक्रोश होता. ज्याच्या स्वतःच्या प्रार्थनेस नकार मिळाला, त्याच्यापुढें आपल्या नकाराचें दुःख घेऊन निःसंकोच जातां येतें. मात्र 'मी भक्ति केली, माझें मूल वांचव' हा करार तेथें चालत नाहीं.

मग अशा विश्वासानें मिळतें तें काय? दुःखाचें कारण मिळत नाहीं. रमाबाईंसहि तें मिळालें असें आम्हांस म्हणवत नाहीं. परंतु भुकेनें ज्यांचें घर मोडलें, त्याच १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांत जाऊन उपाशी मुलींना केडगांवीं घेऊन आल्या. हिब्रू व ग्रीक भाषांवरून चालविलेलें बायबलाचें मराठी भाषांतर कन्येच्या मृत्यूनंतरहि त्यांच्या हातून सुटलें नाहीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं देह ठेवण्यापूर्वीं त्यांनीं तें पुरें केलें.

आपण बहुधा ईयोब नसतों. शेजाऱ्याच्या दुःखांत त्याचे मित्र असतों. ते मित्र बोलूं लागण्यापूर्वीं सात दिवस त्याच्याजवळ भुईवर मुकाट्यानें बसले होते. त्यांच्या हातून घडलेली उत्तम गोष्ट तीच होय.